मधला घास

उस्तीन्या प्रोखोरोव्नाच्या ब्लिनींना, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पातळ घावनांना, जशी जाळी पडते तशी ओसीनकी गावात दुसऱ्या कुणाच्या ब्लिनींना पडत नाही, हे तिची शेजारीण फ्योक्लासुद्धा मान्य करायची, आणि फ्योक्ला सहसा काहीच मान्य करत नसे. कुणी म्हणे, ती पीठ भिजवायला तळ्यावरचं पाणी आणते. कुणी म्हणे, आंबवणात काहीतरी पुटपुटते. उस्तीन्याला विचारलं तर ती म्हणायची, "गुपित कसलं आलंय त्यात? पीठ वर येईपर्यंत झोपायचं नाही, एवढंच." आणि ते खरंच होतं. कुट्टूचं पीठ, यीस्ट आणि कोमट पाणी असं आंबवण संध्याकाळी चुलीच्या उबेला ठेवलं की ती रात्रभर उठून उठून बघायची. फुगलं की खाली बसवायची, पुन्हा फुगू द्यायची, सकाळी त्यात उकळतं दूध ओतायची. तशी तिला नाहीतरी झोप नव्हतीच. काळजी करणाऱ्या बाईच्या हातचं पीठ चांगलं आंबतं, असं म्हणायला हरकत नाही.

काळजीची सवय तिला लवकर लागली होती. लग्नानंतर तीन वर्षांनी ताया झाली, आणि ताया दीड वर्षाची असताना नवरा लढाईवर गेला. गेला तो गेलाच. एक कागद आला, त्यावर एका दलदलीचं नाव होतं. पुढची सगळी वर्षं उस्तीन्यानं सामुदायिक शेतावर जवस उपटला, भिजवला, झोडपला. हिवाळ्यात हाताच्या भेगांत जवसाची धूळ जाऊन बसायची आणि ती वसंतापर्यंत निघायची नाही. एकटी बाई, एकच मुलगी. तायाला खोकला आला की उस्तीन्या तिच्या छातीला कान लावून बसायची. ताया तळ्यावर घसरायला गेली की ही काठावर उभी. पोरी हसायच्या, ताया चिडायची. "आई, तू घरी जा ना, बर्फ फुटत नाही." उस्तीन्या दोन पावलं मागं जायची आणि तिथंच उभी राहायची.

एवढं करूनही जे व्हायचं ते झालं. ताया एकोणीस वर्षांची असताना तळ्याची पातळी मोजायला सरकारी माणसं आली. त्यांतला एक फ्योक्लाच्या घरी उतरला होता. गाणी चांगली म्हणायचा. बर्फ वितळायला लागला तशी ती माणसं पुढच्या तळ्याकडे निघून गेली, आणि ऑगस्टात उस्तीन्याच्या लक्षात आलं की तायाचा झगा पुढून वर उचलला जातोय. ती रडली नाही, ओरडली नाही. शरद लागायच्या आत तिनं तायाला तळ्यापलीकडच्या गावात, नवऱ्याच्या एका बहिरट मावशीकडे नेऊन ठेवलं. ओसीनकीत सांगितलं, मावशीचा पाय मोडलाय, पोर मदतीला गेलीय. डिसेंबरात ती स्वतः बर्फावरून चालत गेली. मूल झालं आणि रडलं नाही. उस्तीन्यानं ते आपल्या हातानं गुंडाळलं आणि न्हाणीघरामागं, कुऱ्हाडीनं गोठलेली माती फोडून, पुरलं. परत आल्यावर ती तायाला म्हणाली, "हे झालंच नाही. कळलं? झालंच नाही." त्या दिवसानंतर मायलेकी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

ताया पुढं शहरात, चेरेपोवेत्सला गेली. तिथं तिला ग्लेब भेटला. रेल्वे यार्डात सांधेवाला, उंच, हाडकुळा, आणि बोलण्याचा असा कंजूष की शब्दाला कूपन लागतं की काय वाटावं. लग्न ठरलं तेव्हा ताया गावी आली आणि म्हणाली, "आई, मी त्याला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"तुला माहीत आहे काय."

उस्तीन्यानं तिला देवाच्या तसबिरीखाली उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. सांगितलंस तर माझं मढं बघशील, म्हणाली. ताया खूप रडली. पण तिनं शपथ घेतली.

उस्तीन्या हट्टी होती किंवा लेकीचं मन तिला कळत नव्हतं, असं नाही. तिच्या डोळ्यांपुढं दुन्या होती. दुन्या तिची थोरली बहीण. उस्तीन्या सोळा वर्षांची असताना दुन्याचं लग्न झालं. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी जावई सासूकडे ब्लिनी खायला येतो, तसा तो आला. घर माणसांनी भरलेलं. आईनं गरम ब्लिनींचा ढीग त्याच्यापुढं ठेवला, आणि उस्तीन्या कढवलेल्या लोण्याचा वाडगा हातात घेऊन शेजारी उभी होती. जावयानं वरचा ब्लिन उचलला. मुलगी चांगली, म्हणजे कुमारी निघाली असेल तर जावई ब्लिन कडेनं खातो. यानं मधोमध बोटं घातली, मधला तुकडा फाडून तोंडात टाकला, आणि भोक पडलेला ब्लिन ताटात सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पेला पालथा घातला आणि उठून गेला.  सगळ्यांना कळलं. त्यानंतर वर्षभर आई दिवसाउजेडी विहिरीवर गेली नाही. आणि दुन्या ईस्टरच्या आधीच दलदलीतली जळाऊ माती, पीट, खणणाऱ्या बायकांच्या टोळीबरोबर निघून गेली. दोन वर्षांनी तिकडच्याच बराकीत तापानं मेली.

आता हे कुणी करत नाही. पोरांना ठाऊकही नाही. पण उस्तीन्याच्या हातात तो लोण्याचा वाडगा अजून होता.

युद्ध संपून बावीस वर्षं झाली त्या साली मास्लेनित्सा, म्हणजे मोठ्या उपासाआधीचा लोण्याचा आठवडा, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आला. बुधवारी जावई सासूकडे ब्लिनींना येतो; ग्लेबही दोन वर्षं तायाबरोबर येत होता. यंदा तायाचं पत्र आलं. सातवा महिना चालू आहे, पाय सुजतात, डॉक्टरीणबाईंनी बसचा प्रवास बंद केलाय, ग्लेब एकटा येईल. शेवटी एक ओळ होती: "दवाखान्यात विचारलं, हे कितवं? मी म्हटलं पहिलं. ग्लेब शेजारीच उभा होता, आणि बाई माझ्याकडे बघतच राहिली."

उस्तीन्यानं पत्र चार वेळा वाचलं. डॉक्टरीण बघत राहिली म्हणजे काय? त्यांना तपासल्यावर कळतं का? कळलं तर त्या नवऱ्याला सांगतात का? तिनं पत्र चुलीत घातलं, आणि मग पस्तावली, कारण नीट आठवेना, "बघतच राहिली" लिहिलं होतं की "बघत होती."

बुधवारी सकाळी तिनं चूल पेटवली. निखारे एका बाजूला ओढले, बिडाच्या तीन तव्या तापवल्या. काट्याला अर्धा बटाटा टोचून लोण्यात बुडवायचा, तवीवर फिरवायचा, पळीभर पीठ ओतायचं, तवी गोल फिरवायची आणि चुलीच्या तोंडात सारायची. पीठ फसफसून भोकं पडतात, कडा तपकिरी होऊन तवीपासून सुटतात, की झालं. ब्लिन ढिगावर टाकायचा, हंसाच्या पिसानं लोणी फिरवायचं, वर टॉवेल झाकायचा. टेबलावर तिनं आंबट साय ठेवली, कढवलेलं लोणी, चिरलेली उकडलेली अंडी, दलदलीतल्या पिवळ्या बोरांचा मुरंबा. थोड्या ब्लिनींत पांढऱ्या सरोवराची सुकट भुरभुरून भाजली. ग्लेबला ती आवडायची. सुरी ठेवली नाही. ब्लिनला सुरी लावत नाहीत.

ग्लेब अकराच्या बसनं आला. दारात बूट झटकले, पिशवीतून खारवलेली हेरिंग मासळी आणि दोन लिंबं काढून टेबलावर ठेवली.

"तायानं दिलीत."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"पाय?"

"सुजतात."

"अजून काही?" उस्तीन्यानं विचारलं.

ग्लेबनं जरा विचार केला. "नाही," म्हणाला.

तो "नाही" उस्तीन्याला आवडला नाही. आधी विचार का केला?

तेवढ्यात फ्योक्ला आली. चाळण मागायला आले म्हणाली, पण बसली ती भिंतीलगतच्या बाकावर, चांगली शाल सोडून. सत्तरीची बाई, तोंडात तीन दात आणि त्या तिन्हींना धार.

"जावईबापू, एकटेच? बायकोला कुठं गहाण टाकलीत?"

"दवाखान्यानं मनाई केलीय," ग्लेब म्हणाला.

"आमच्या वेळी पोरी शेतात बाळंत व्हायच्या आणि संध्याकाळी गाई दोहायच्या. आता बसमध्ये बसवत नाही." ती उस्तीन्याकडे वळली. "वाळकाच आहे गं अजून हा. गेल्या साली बावीस खाल्लेन्, कुठं गेले ते?"

"फ्योक्ला, तुला चाळण पाहिजे होती ना?"

"घाई काय आहे? माझं पीठ कुठं पळून चाललंय. तुझा जावई कसा खातो ते बघू दे तरी. मला जावईच नाही, दुसऱ्यांचेच बघते."

ग्लेबच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली मान घालून बसला. उस्तीन्यानं त्याच्यापुढं ताट सरकवलं, टॉवेल काढला, वाफ वर आली. "खा बाबा, गरम आहेत तोवर." आणि ती पुढच्या तवीसाठी चुलीकडे वळली.

तवीत पीठ ओतून ती गोल फिरवत असताना मागं फ्योक्लाचं बोलणं थांबलं. नुसतं थांबलं. फ्योक्ला एखादं वाक्य अर्धं सोडेल ही गोष्टच अशी होती की उस्तीन्यानं तवी हातात असतानाच मागं पाहिलं.

ताटात ब्लिन होता. त्याच्या मधोमध भोक. मधला तुकडा ग्लेबच्या तोंडात होता, तो हळूहळू चावत होता, आणि त्याचा हात पुढच्या ब्लिनकडे गेला होता. त्यानं त्याच्याही मध्ये बोटं घातली, गोल तुकडा काढला, सायीत बुडवला. उरलेलं कडं त्यानं काळजीपूर्वक पहिल्या कड्यावर ठेवलं.

फ्योक्ला उठली. शाल सावरली. "अगं बाई," ती अगदी हळू म्हणाली, "चाळण राहू दे. उद्या नेईन." आणि दार लावून गेली. तीही त्या सकाळी, एकेचाळीस वर्षांपूर्वी, दुन्याच्या लग्नात होती.

उस्तीन्याच्या हातातली तवी कलली. पीठ निखाऱ्यांवर सांडलं, जळका वास सुटला.  फ्योक्ला कुठवर गेली असेल? विहिरीपर्यंत? दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळेल. कळू दे. गाव गेलं खड्ड्यात. ताया सातव्या महिन्यात आहे. याला कळलंय, आणि हा तिकडे तिला काही न बोलता इथं आलाय, मला सांगायला. जुन्या रीतीनं सांगायला. आणि मग? इथून जाऊन काय करणार हा? पोरीला घराबाहेर काढणार? पोटातलं लेकरू घेऊन ती कुठं जाणार, पीट खणायला?

तिनं तवी खाली ठेवली. हात पुसले. 

"ग्लेब. ऐक. तुझ्या आधीची गोष्ट आहे ती."

ग्लेबनं वर पाहिलं. तोंडात घास होता.

"एकोणीस वर्षांची होती ती. तुला ओळखतही नव्हती. तो माणूस गाणी म्हणायचा, निघून गेला, आम्हाला त्याचं आडनावही माहीत नाही. आणि मूल तर... मुलानं श्वाससुद्धा घेतला नाही रे. मी माझ्या हातानं पुरलं. जे व्हायचं होतं ते भोगून झालंय तिचं. आता तिला कसली शिक्षा देतोस? मला दे. शपथ मी घ्यायला लावली. ती तर लग्नाआधीच तुला सांगायला निघाली होती, तसबिरीखाली उभं करून मी तिचं तोंड बंद केलं. काय करायचं ते माझं कर."

ग्लेबनं घास गिळला. 

"कुठलं मूल?" त्यानं विचारलं.

चुलीत सांडलेलं पीठ चरचरत होतं. उस्तीन्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग ताटातल्या त्या दोन कड्यांकडे.

"हे काय आहे मग?" तिनं बोट दाखवलं. "हे असं का खाल्लंस?"

"हे?" ग्लेबनं कडी अशी पाहिली जशी ती दुसऱ्याच कुणी ठेवली असावीत. "ताया म्हणाली होती. तिला मऊ काही चालत नाही आता, मळमळतं. डोहाळे आहेत. कुरकुरीत कडा तेवढ्या मागते. 'मधलं तू खा, आईच्या ब्लिनींच्या कडा मला आण,' म्हणाली. मी वर्तमानपत्र आणलंय गुंडाळायला." त्यानं खिशातून घडी केलेलं वर्तमानपत्र खरंच काढलं. मग ते टेबलावर ठेवलं.

उस्तीन्या बाकावर बसली. फ्योक्ला जिथं बसली होती तिथंच. तिला वाटलं, आत्ता बोललेलं परत घेता येईल असा एखादा शब्द असेल. मी भ्रमिष्टासारखी बोलले. चुलीचा धूर डोक्यात गेला. पण ती काही बोलायच्या आत ग्लेब पुढं वाकला.

"केव्हा?" त्यानं विचारलं.

"सात वर्षं झाली. डिसेंबरात."

"आणि तिला सांगायचं होतं."

"सांगायचं होतं. मी नाही सांगू दिलं."

त्यानं मान हलवली. पुढचा ब्लिन उचलला. उस्तीन्याला वाटलं आता फेकतो. पण त्यानं त्याचा मधला तुकडा काढला, बाजूला ठेवला, खाल्ला नाही, आणि कडं वर्तमानपत्रावर ठेवलं. मग दुसरा. मग तिसरा. असा सगळा ढीग त्यानं एकेक करून संपवला. टेबलावर एका बाजूला मऊ तुकड्यांचा ढीग झाला आणि दुसऱ्या बाजूला कड्यांचा. उस्तीन्या बघत बसली. तिला उठता येईना. त्यानं वर्तमानपत्र गुंडाळलं, दोऱ्यानं बांधलं, कोटाच्या आत छातीशी ठेवलं.

"बस किती वाजता आहे?"

"तीनला. अजून अडीच तास आहेत."

"मी तिथंच थांबतो."

ती शाल ओढून त्याच्यामागं निघाली. रस्त्यानं तो पुढं, ती मागं. बर्फात त्याच्या बुटांच्या खुणांत पाय टाकत. दोन घरांच्या खिडक्यांत पडदे हलले. थांब्यावर तो उभा राहिला, ती पाच पावलं दूर उभी राहिली.

"ग्लेब, तिला घालवून देऊ नकोस."

"कोण म्हणालं घालवून देतो?"

"मग काय करणार आहेस?"

"मला माहीत नाही, उस्तीन्या प्रोखोरोव्ना." त्यानं तिला पूर्ण नावानं हाक मारली. तो नेहमीच तसं करायचा, पण आज तिला ते लागलं. "मला अजून काहीच माहीत नाही."

शुक्रवारी जावयानं सासूला आपल्या घरी ब्लिनींना बोलवायचं असतं. बुधवारी निघतानाच बोलावून जातो तो. बोलावल्याशिवाय सासू जात नाही. गेली तर लोक म्हणतात, हिला भूक आवरत नाही. बस आली. ग्लेब चढला, खिडकीपाशी बसला, कोटावर हात ठेवून. बोलावलं नाही.

गुरुवारी उस्तीन्यानं ना चूल नीट पेटवली, ना गाय वेळेवर दोहली. दुपारी फ्योक्ला चाळण घ्यायला आली आणि या वेळी बसली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "मी कुणाला काही बोलले नाही हं, प्रोखोरोव्ना."

"बोलायला होतं काय?"

"तेच म्हणते मी. आजकालच्या पोरांना कळतं थोडंच. शहरात वाढलेला, त्याला काय माहीत कडेनं खायचं की मधनं." ती थांबली. "की माहीत होतं?"

उस्तीन्यानं तिच्या हातात चाळण दिली आणि दार लावलं. फ्योक्लाला डोहाळ्यांचं सांगता आलं असतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, गावात हशा झाला असता. पण तिच्यानं ते वाक्य बोलवेना. आता गावाला काय वाटतं याच्यात तिचा जीव राहिला नव्हता.

तिच्या मनात एकच चक्र फिरत होतं. तो घरी पोचला असेल. दार उघडलं असेल तायानं. पुडकं हातात दिलं असेल का, की आधीच विचारलं असेल? ओरडत तर तो नाही. न ओरडणारी माणसं काय करतात? आणि ताया काय म्हणाली असेल? आईनं सांगितलं, हे ऐकून तिचं काय झालं असेल? सातव्या महिन्यात बाईला असा धक्का बसला तर... हे वाक्य ती मनातसुद्धा पुरं करत नव्हती. रात्री तिच्या लक्षात आलं की सात वर्षं ती एकाच गोष्टीला भ्यायली होती, आणि ती गोष्ट दुसऱ्या कुणीच केली नाही, तिनंच केली.

शुक्रवारी सकाळी ती न बोलावता बसमध्ये बसली. बरोबर काहीच नेलं नाही, ना साय, ना लोणी. काय घेऊन जायचं तेच सुचलं नाही.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खोली त्यांची, स्वयंपाकघर तीन कुटुंबांत मिळून. दार ग्लेबनं उघडलं. रात्रपाळी करून आलेला दिसत होता, डोळे सुजलेले. तो बाहेर बोळात आला आणि मागं दार ओढून घेतलं.

"मी तिला काही बोललो नाही," तो म्हणाला.

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

"का?"

तो भिंतीकडे बघत बोलला, आणि उस्तीन्यानं त्याला एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मी विचारलं तर ती हो म्हणेल. मान्य करेल. मला ते नको. तिनं सांगायला पाहिजे. ते वेगळं असतं. पण तिनं शपथ घेतलीय, म्हणून ती सांगत नाही. शपथ तुमची आहे. तुम्हीच सोडवा."

"तिनं कडा खाल्ल्या?"

"खाल्ल्या. सगळ्या. पलंगावर बसून. म्हणाली, आईच्या हातचं इथं कुणालाच येत नाही." एवढं बोलून तो बाजूला झाला.

ताया खिडकीजवळ उशीला टेकून बसली होती. आईला बघून तिचा चेहरा उजळला, आणि तोच चेहरा बघून उस्तीन्या दारातच थांबली. "आई! तू? न बोलावता? ग्लेब, तू बोलावलंस आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यानं नाही बोलावलं," उस्तीन्या म्हणाली. शाल न काढता ती पलंगाच्या कडेला बसली. "ताया, मी त्याला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुला माहीत आहे काय."

तायाचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला. खाली अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं. ताया म्हणाली, "कसं?"

उस्तीन्यानं सांगितलं. ताटातलं भोक, फ्योक्ला, दुन्या, सगळं. दुन्याची गोष्ट तिनं तायाला आजवर कधी सांगितली नव्हती. सांगताना मध्येच ताया हसली. एकदाच, नाकातून हसतात तशी. "मी कडा मागितल्या म्हणून?" म्हणाली, आणि मग ते हसू तिला आवरता येईना, आणि ते हसू राहिलंही नाही. उस्तीन्यानं हात पुढं केला. तायानं तो धरला नाही, झिडकारलाही नाही.

"शपथ सुटली," उस्तीन्या म्हणाली. "मीच मोडली. तुझ्यावर आता काही नाही."

"आई, बाहेर जा. त्याला आत पाठव."

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तीन कुटुंबांच्या तीन शेगड्या, तीन दिवे, दोरीवर वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे. उस्तीन्या एका स्टुलावर बसली. भिंत पातळ होती. ऐकायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि ऐकत राहिली.

आधी बराच वेळ नुसता तायाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एका सुरात, न थांबता, जशी ती लहानपणी शाळेतून आल्यावर सगळा दिवस सांगायची तशी. त्याचा आवाज अजिबात नव्हता. मध्ये एकदा ती थांबली, पुन्हा सुरू झाली. मग थांबलीच.

मग ग्लेब बोलला. तो दाराजवळ उभा असावा, कारण ते स्पष्ट ऐकू आलं.

"मुलगा होता?"

"मुलगी."

"नाव?"

"आईनं ठेवू दिलं नाही. झालंच नाही म्हणाली."

त्यानंतर आतून काही ऐकू आलं नाही. ना रडणं, ना दार. उस्तीन्या वाट बघत राहिली. शांतता कशाची आहे ते तिला ओळखता येत नव्हतं, आणि ती तर आयुष्यभर तायाचा श्वास ऐकून ताप किती आहे ते सांगत आली होती. इथं आपलं काम नाही, हे तिला कळलं. चारची बस मिळेल, तिनं हिशेब केला, आणि शालीची गाठ घट्ट करून ती बोळात आली.

खोलीचं दार उघडलं. ताया उभी होती, चौकटीला धरून, सुजलेल्या पायांत ग्लेबचे लोकरी बूट. डोळे लाल, पण आवाज कोरडा. तिच्यामागं खिडकीपाशी ग्लेब पाठमोरा उभा होता.

"कुठं निघालीस?"

"बस आहे चारची. तुम्हा दोघांना..."

"त्याचं-माझं आम्ही बघू. आज होईल, नाहीतर वर्षानं होईल." ताया हळूहळू चालत स्वयंपाकघरात गेली आणि त्याच स्टुलासमोर दुसरं ओढून बसली. "शाल काढ, आई. मला अजून तुझ्याशी बोलायचंय. त्या पोरीबद्दल."

उस्तीन्या आली. समोर बसली, आणि शालीची गाठ सोडायला लागली.